वांगडाचा रँक आणि नंबर

२००४ सालच्या जानेवारीत मला दहा दिवसांची टेम्पररी ड्यूटी लागली. स्थळ : मालवणच्या दक्षिणेला, एका खाडीच्या मुखाजवळचं गाव. काम : एका परदेशी एस.यू.व्ही.ची वाळूतली ट्रायल. ऑफिसर इन चार्ज : मी, फौजेच्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या शाखेतली कॅप्टन. वय तेहेतीस, नोकरी नऊ वर्षं आणि अक्कल, आता मागे वळून बघते तेव्हा, साधारण चार महिन्यांची.

माझी नात विचारते, "आज्जी, तू खरंच फौजेत होतीस?" होते. फोटो आहे. फोटोत मी त्या गाडीच्या बंपरवर एक बूट ठेवून उभी आहे, जणू शिकार मीच केली. त्या बाईचं मला हसू येतं आणि थोडा रागही येतो. या हकिगतीत जिथे जिथे ती शहाणपणा करते, तिथे मी तिला 'कॅप्टन बाई' म्हणणार आहे. ती मीच, पण तेवढं अंतर मला हवं आहे.

आमची पार्टी सहा जणांची. मुक्काम एका बंद काजू कारखान्याच्या शेडमध्ये. डांबरी रस्ता त्या शेडपाशी संपायचा. तिथून पुढे वाळूचं लांबलचक टोक, दोन पूर्णांक आठ किलोमीटर. उजव्या हाताला समुद्र, डाव्या हाताला खाडी आणि चिखलात उभी कांदळवनं. ओहोटीला पाण्याकडेची ओली वाळू टणक व्हायची, तिच्यावरून सायकलसुद्धा जायची. भरतीला पाणी तेवढा पट्टा गिळायचं आणि उरायची ती वरची कोरडी वाळू, चाळलेल्या पिठासारखी. ट्रायलसाठी तीच हवी होती.

पार्टीतला मेकॅनिक हवालदार सदानंद तारी. वय चाळीस. माणूस त्याच गावचा. शेडपासून त्याचं घर हाकेच्या अंतरावर, घरात त्याची आई एकटी, शेवंतीकाकी. काकी रोज सकाळी टोपली घेऊन टोकावर जायची, रापणीची मासळी उचलून गावात विकायची आणि येताना शेडपाशी थांबून आपल्या हवालदार मुलाला आमच्या सगळ्यांदेखत शिव्या द्यायची.

"मेल्या, जेवलंस काय? मेल्या, ती टोपी डोक्यार घाल, ऊन लागतलां."

मी घाटावरची, साताऱ्याकडची. पहिल्या दिवशी मला धक्काच बसला. म्हटलं, "तारी, तुमची आई तुम्हाला सारखं 'मेल्या' का म्हणते?"

"प्रेमाचां आसा तां, मॅडम. ज्या दिवशी नुसतं 'सदानंद' म्हणेल, त्या दिवशी घाबरायचं."

रोजचा कार्यक्रम ठरलेला. ०५३० उठणं. ०७०० गाडीची तपासणी. ०८०० ते १२०० ट्रायल. दुपारी नोंदी. गाडी दिसायला देखणी होती. एरवी ती पुढच्या दोन चाकांवर चालायची. प्रत्येक चाकापाशी सेन्सर होता. पुढचं चाक जागच्या जागी फिरायला लागलं की ते संगणकाला कळे, तो मागच्या अ‍ॅक्सलवरच्या विजेच्या क्लचला करंट देई, आणि मग मागची चाकंही ओढायला लागत. ड्रायव्हरने काही करायचं नाही. ना लिव्हर, ना बटण. ब्रोशरमध्ये हे रंगीत चित्रांसह दिलं होतं आणि कॅप्टन बाईंना ते ब्रोशर तोंडपाठ होतं.

पहिल्या तीन दिवसांत गाडी कोरड्या वाळूत तीनदा रुतली. तिन्ही वेळा आमच्या जुन्या जीपने, जिला चारही चाकं लावायला साधा दांडा होता, तिला ओढून बाहेर काढलं.

तिसऱ्या दिवशी तारी गाडीखालून बाहेर आला, बसून हात पुसले आणि म्हणाला, "मॅडम, हिला रुतल्यावर कळतं की रुतली."

"सिस्टिम पाव सेकंदात रिअ‍ॅक्ट करते, तारी."

"पाव सेकंदात पुढचं चाक वीतभर खाली जातं. मग मागची चाकं ओढणार कुणाला? शिवाय तो क्लच अर्धवट पकडतो, घासतो, तापतो. तापला की संगणक त्याला सुट्टी देतो. एक बटण लावू. वाळू लागायच्या आधीच आपण क्लच पूर्ण पकडायचा. पूर्ण पकडला की घासतच नाही."

कॅप्टन बाईंनी ट्रायल ऑर्डर उघडली, परिच्छेद सात काढला आणि मोठ्याने वाचला. ट्रायलच्या वाहनात कोणताही फेरबदल करू नये.

"जी, मॅडम," तारी म्हणाला आणि पुन्हा गाडीखाली गेला.

चौथ्या दिवशी त्याने मला रापण बघायला नेलं. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. होडीतून जाळं समुद्रात अर्धगोल टाकतात, दोन टोकांचे दोर किनाऱ्यावर आणतात आणि तीस-चाळीस माणसं दोन्ही दोर ओढत हळूहळू जवळ येतात. एक बाजू मागे राहिली तर जाळं तिरकं होतं आणि मासळी निघून जाते.

मी काठावर उभी राहून नोंदी घेत होते. एक म्हातारा सारखा ओरडत होता, "वांगडा वढा रे! वांगडा!"

पाच मिनिटांनी कॅप्टन बाईंनी तारीला विचारलं, "हा वांगडा कोण? सगळे त्याच्यावर का ओरडतायत? काम करत नाहीये का तो? बोलवा त्याला इकडे."

तारीने मान खाली घातली. त्याचे खांदे हलत होते. शेवटी शेवंतीकाकीनेच सांगितलं, अख्ख्या रापणीला ऐकू जाईल अशा आवाजात.

"गो बाय, वांगडा म्हणजे सोबत! सगळ्यांनी एकदम! घाटावयली गो ही, वांगडाक शोधता!"

चाळीस माणसं दोर धरून हसली. हसता हसता दोर ढिला पडला आणि बरीच मासळी गेली. तीसुद्धा माझ्याच नावावर. भरपाई म्हणून मलाही दोराला लावलं. मी झटका देऊन ओढायला गेले, बाकीच्यांच्या आधी, आणि तोंडावर पडले. वर्दीत. त्या दिवसापासून गावात माझं नाव 'वांगडाबाय' पडलं.

"बघितलंत, मॅडम?" परतताना तारी म्हणाला. "दुसऱ्याचा दोर ढिला पडल्यावर ओढायला लागलं तर उपयोग नसतो. आधीपासून ओढायचं. गाडीचंही तेच."

पाचव्या दिवशी त्याने पुन्हा विषय काढला, तो तयारीनिशी. दोन तारा, मोजून कापलेल्या. एक फ्यूज. आणि एक काळं, घरातल्या भिंतीवरचं बटण. त्याच्यावर पांढऱ्या रंगाने बारीक अक्षरं काढली होती. वर 'ऑटो', खाली 'वांगडा'.

"हे कुठून आणलंत?"

"घरातून. रांधपाच्या खोलीतलं आहे, आईच्या स्वयंपाकघरातलं."

कॅप्टन बाईंना बटणावरचा 'वांगडा' झोंबला. "परत करा. नॉट अ वर्ड मोअर."

"जी, मॅडम." त्याने सगळं टूलबॉक्समध्ये ठेवलं. परत केलं नाही. त्याच्या वीस वर्षांच्या नोकरीत त्याने मोडलेला हा एकच हुकूम असावा.

सहावा दिवस. जीप ०७३०ला रेशन आणायला कुडाळला गेली. ०९४०ला मी आणि तारी एस.यू.व्ही. घेऊन टोकाकडे निघालो. भरती चढत होती, पण ओल्या वाळूचा टणक पट्टा अजून उघडा होता, सात मिनिटांत टोक गाठलं. तिथे रापण किनाऱ्याला लागली होती. शेवंतीकाकी पाण्यात गुडघाभर उभी राहून मासळी निवडत होती. मुलाला बघताच तिने हातातला बांगडा उगारला.

"मेल्या! माझां बटन खंय न्हेलंस? तारा नुसती लोंबकळतत थंय! कालपासून काळोखात रांधतंय मी!"

"देतो गो आये, संध्याकाळी देतो."

"संध्याकाळी नको, आत्ता दी!"

ती त्याच्याकडे वळली आणि तिचा पाय जाळ्याच्या कडेला पडला. तिथे एक वागळी होती. वागळी म्हणजे पाकट, चटईसारखा चपटा मासा. त्याच्या शेपटीला करवतीसारखा काटा असतो. काकी ओरडली नाही. नुसती खाली बसली. तिच्याभोवतीचं पाणी लाल व्हायला लागलं. वेळ ०९५२.

काटा गुडघ्याच्या मागे शिरला होता आणि रक्त थेंबाथेंबाने येत नव्हतं. तारीने आपला पट्टा काढून मांडीला आवळला. मी जखमेवर फील्ड ड्रेसिंग दाबून धरलं. मग रेडिओवरून शेडला कळवलं.

"ब्राव्हो, ब्राव्हो, धिस इज अल्फा. वन कॅज्युअल्टी. पायाची मोठी रक्तवाहिनी. अ‍ॅम्ब्युलन्स रस्त्याच्या टोकाला आणा. ओव्हर."

"अल्फा, अ‍ॅम्ब्युलन्स वीस मिनिटांत. वाळूत येऊ शकत नाही. ओव्हर."

"वाळूतून आम्ही आणतो. आउट."

होडीने न्यायचा विचार झाला. खाडीच्या बाजूला चिखल, उतरवायला जागा नाही. समुद्राच्या बाजूला लाटा. उचलून न्यायचं तर वाळूतून तासाभराच्या वर. काकीकडे तेवढा वेळ नव्हता. आम्ही तिला गाडीच्या मागच्या भागात आडवं केलं. मी तिच्याशेजारी बसले, दोन्ही हात जखमेवर. तारी स्टिअरिंगवर.

पण ज्या टणक पट्ट्यावरून आम्ही आलो होतो, तो आता पाण्याखाली जात होता. भरती बरीच चढली होती. उरली वरची कोरडी वाळू. तारीने उतरून चारही टायरांची अर्धी हवा काढली आणि निघाला.

दोनशे मीटर गेलो. पुढची चाकं फिरली, गाडी बसली. मागच्या चाकांनी जरा ओढलं आणि तीही थांबली. तारीने मागे-पुढे केलं. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. क्लच गरम. संगणकाने मागची चाकं सोडून दिली. वेळ १००८.

तारीने इंजिन बंद केलं आणि मागे वळून माझ्याकडे बघितलं. आईकडे नाही, माझ्याकडे. तोंडात परिच्छेद सात असलेल्या अधिकाऱ्यासमोर हवालदार काय बोलणार?

मी म्हटलं, "लावा."

"मॅडम, ट्रायल..."

"तारी, लावा."

तो गाडीखाली गेला. काम सोपं होतं, जागा अवघड होती. क्लचकडे जाणारी संगणकाची तार तोडायची. बॅटरीपासून फ्यूज घालून एक तार बटणात, बटणातून दुसरी क्लचला. अकरा मिनिटं. तेवढ्यात क्लचही थोडा निवला. रापणीची माणसं धावत आली आणि हातांनी चाकांपुढची वाळू उपसायला लागली. त्या अकरा मिनिटांत मी हात एकदाही उचलला नाही. काकीचे ओठ पांढरे झाले होते. ती मधूनच काहीतरी पुटपुटायची, मला कळायचं नाही.

तारी आत आला. काळं बटण डॅशबोर्डच्या कडेला दोन तारांवर लोंबकळत होतं. काकीने डोळे उघडले, त्याच्याकडे बघितलं.

"मेल्या, ह्यां माझांच बटन मा?"

"होय गो आये."

"मगे दाब."

त्याने बटण खाली केलं. मागून खट्ट आवाज आला. चाकं फिरायच्या आधी, वाळू खचायच्या आधी. बाहेर त्या म्हाताऱ्याने हाळी दिली, "वांगडा रे!" आणि पंधरा-वीस माणसांनी मागून खांदा लावला. गाडी उठली. आधी संथ, मग सरळ, नांगर चालावा तशी. तारीने एकदाही ब्रेक लावला नाही, एकदाही गियर बदलला नाही. मधल्या चिंचोळ्या जागी पाणी डाव्या-उजव्या दोन्ही अंगांना होतं आणि आमच्यासाठी जेमतेम गाडीच्या रुंदीची वाळू उरली होती. १०३१ला पुढची चाकं डांबरावर चढली. त्याच क्षणी त्याने बटण वर केलं. डांबरावर तसंच ठेवलं असतं तर वळताना मागचा अ‍ॅक्सल गेला असता. आई मागे रक्तात पडलेली, तरी तेवढं त्याच्या लक्षात होतं.

डॉक्टर म्हणाले, "वेळेवर आणलंत." काकी वाचली. पाय जरा ओढत चालायची, एवढंच. चार दिवसांनी मी इस्पितळात गेले तर तिने पहिला प्रश्न विचारला, "वांगडाबाय, माझां बटन परत लावलां काय?"

लावलं होतं. गाडीची तारन् तार पूर्ववत केली आणि तारीने ते बटण रांधपाच्या खोलीत जागच्या जागी बसवलं. त्यावरची अक्षरं मात्र पुसली नाहीत.

आता रिपोर्ट. इथे कॅप्टन बाई परत येतात. रिपोर्ट इंग्रजीत लिहायचा. तिने लिहिलं की ऑटो मोडमध्ये गाडी चारदा रुतली आणि 'वांगडा मोड'मध्ये सगळं अंतर पार झालं. घाईत तोच शब्द लिहून गेली, टायपिस्टने तोच टाइप केला. फेरबदल कुणी केला त्या जागी लिहिलं : खाली सही करणाऱ्याच्या देखरेखीखाली. तारीचं नाव कुठेच नाही. तिने स्वतःला समजावलं की हुकूम मोडल्याबद्दल त्याच्यावर चौकशी नको. खरं म्हणजे त्या वर्षी तिची नोकरी वाढवून मिळायची होती आणि एका हवालदाराने आपल्याला तीन दिवस जे सांगितलं ते आपल्याला कळलं नाही, हे तिला कागदावर नको होतं.

दीड महिन्याने वरून पत्र आलं. तीन ओळी. 'आपल्या रिपोर्टमधील वांगडा यांचा रँक, नंबर, पूर्ण नाव व ट्रेड नमूद नाही. प्रशंसापत्रासाठी विचार करावयाचा आहे. तपशील त्वरित पाठवावा.'

त्यात त्यांचीही चूक नव्हती. वांगडा हे नाव हिमालयाकडच्या डोंगरी मुलखात खरंच असतं, आमच्या फौजेत त्या नावाचे जवान आहेत. कुणालातरी वाटलं, कुणी वांगडा नावाचा हुशार मेकॅनिक आहे.

मी पत्र तारीला दाखवलं. तो इतका हसला की त्याला बसावं लागलं.

"पाठवा की, मॅडम. वांगडाला मिळू दे मेडल."

"तुमचं नाव पाठवते."

"मग विचारतील, हवालदाराने बटण कुणाच्या परवानगीने लावलं. राहू द्या."

तो 'राहू द्या' म्हणाला आणि मी राहू दिलं. इतकं सोपं होतं. स्मरणपत्र आलं, तेही फाइलला लावलं. मग प्रकरण बंद झाल्याची एक ओळ आली.

तारीची बदली उत्तरेला, डोंगरात, अडकलेल्या गाड्या काढणाऱ्या रिकव्हरी पार्टीत झाली. २००७चा पावसाळा सरता सरता एक ट्रक रस्त्याच्या कडेवरून अर्धा खाली लोंबकळत होता, आत ड्रायव्हर. तारीने केबल लावली. ड्रायव्हरला बाहेर काढलं. कडा हलतोय म्हणून आपल्या दोन माणसांना मागे पाठवलं आणि स्वतः केबल ओढणाऱ्या विंचवर राहिला. १५४०ला कडा गेला, विंच आणि तारीसकट.

दुसऱ्या दिवशी तिथल्या कमांडिंग ऑफिसरचा मला फोन आला. तारी पूर्वी माझ्या हाताखाली होता, हे त्यांना माहीत होतं.

"रेडिओवर त्याचं शेवटचं वाक्य होतं, 'केबल लागली, वांगडा ओढू.' हा वांगडा कोण? पार्टीच्या यादीत नाही. आम्हाला वाटलं जवळच्या गावातला कुणी मदतीला घेतला असेल. तारीचा देह मिळाल्यावरही काल अंधार पडेपर्यंत दोन तास मलब्यात त्याला शोधलं. अजून सापडत नाही."

मी म्हटलं, "सर, वांगडा माणूस नाही. आमच्याकडचा शब्द आहे. म्हणजे सोबत. सगळ्यांनी एकदम."

ते म्हणाले, "ओके. पार्टी मागे बोलावतो."

२०१०मध्ये, नोकरीतून बाहेर पडल्यावर, मी त्या गावी गेले. आधी जायला हवं होतं. शेवंतीकाकीने पाय ओढत दार उघडलं, "आयलंस गो वांगडाबाय," म्हणाली आणि रांधपाच्या खोलीत नेलं. तिथे दुपारीही अंधार असतो. तिने मला बटण दाखवलं.

"ह्याच्यार काय लिवलासा, वाच गो. माका वाचूक येना नाय. तो माका सांगी, तुझां नाव लिवलंय म्हणून."

पांढरा रंग धुरकट झाला होता, पण वाचता येत होता. मी म्हटलं, "वर 'ऑटो' आहे. खाली 'वांगडा'."

काकीने पदर तोंडाला लावला. तिला हसू आलं होतं. लेकाची थाप सहा वर्षं आपल्याला कळली नाही, याचं.

"मे..." ती म्हणाली आणि थांबली. ओठ तसेच राहिले. मग हळूच म्हणाली, "सदानंद."

तिने हात वर करून बटण खाली केलं. दिवा लागला. आम्ही दोघींनी पेज घेतली.

घरी परतल्यावर मी ते तीन ओळींचं पत्र काढलं आणि उत्तर लिहिलं. सहा वर्षं उशीर झाला होता. फाइल बंद होती, बहुधा जाळलीही असेल. तरी पोस्टात टाकलं. नंबर इथे देत नाही, त्या पत्रात दिला आहे. बाकीचा मजकूर असा होता :

'आपण मागितलेला वांगडा यांचा तपशील. रँक : हवालदार. पूर्ण नाव : सदानंद तारी. ट्रेड : व्हेईकल मेकॅनिक. बटण त्यांनी लावले. परवानगी मी उशिरा दिली. सध्याचा पत्ता : नाही.'